न रंगवलेली पेटी

तू मला ढकललंस आणि मी तुला शिवी दिली.

"मेल्या, भाकरी सांडल्या की!" असं मी म्हणाले. फडकं सुटून भाकरी वाळूत पडल्या होत्या, माझं कोपर फुटलं होतं, आणि मला तेवढंच दिसत होतं. लोखंड ओतलेल्या साच्याच्या पोटात बुडबुड आवाज झाला तो तू ऐकलास. मी नाही ऐकला. मग फाडकन काहीतरी फुटलं आणि लाल लोखंड साच्याच्या तोंडातून माणसाच्या उंचीइतकं वर उडालं. मी जिथं उभी होते तिथं आता तू होतास. तोंड माझ्याकडे, पाठ साच्याकडे. सगळं पाठीवर घेतलंस. तुझ्या जोडीच्या उस्मानभाईनं वितळलेल्या लोखंडाची मूस साखळीनं कशीबशी मागं ओढली आणि डोळा धरून खाली बसला.

रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी टाकून परत निघालेला ट्रक मी आडवी उभी राहून थांबवला. ट्रकमध्ये तू पालथा पडला होतास. मला वाटलं काही सांगशील. तू म्हणालास, "वैनी, तुमचा पदर जळतोय."

"जळू दे."

"आधी विझवा."

मी पदर मुठीत चुरगाळून विझवला. आपलं बोलणं तिथं संपलं. संगमनेरच्या दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा डॉक्टरला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याला आता महिना होऊन गेला. दामू, मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर किराणा मालाची यादी सोडून काही लिहिलं नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तोंडानं जे बोलायचं ते मी वेळेवर बोलले नाही, म्हणून लिहिते.

लोक येऊन बसतात आणि म्हणतात, दामू सुतार म्हणजे देवमाणूस. मी म्हणते, देवमाणूस कसला, चिडका होता. कोणी काही विचारलं की उत्तर न देता उठून जायचास. चहा निवला तर पेला तसाच सरकवायचास. माझा नवरा गेला, मागोमाग तुझी बायको गेली, आणि त्या घरात दीर-भावजय अशी आपण दोन म्हातारी माणसं राहिलो. दहा वर्षांत तू मला एकदाही म्हणाला नाहीस की आमटी चांगली झाली. पण मी तुझ्याशी भांडू शकत होते. आता घरात भांडायला कोणी नाही, हे मला फार जाणवतं. बाकीचं लोकांनी म्हणावं.

तुझं काम मला पहिली काही वर्षं कळलंच नाही. सुतार म्हणजे औत करणारा, दार करणारा, फार तर पाळणा. तू मुंबईच्या कारखान्यातून शिकून आलास ते असल्या वस्तू करायला, ज्या लाकडाच्या असून लाकडाच्या म्हणून कोणी वापरणार नव्हतं. लोखंडाची वस्तू करायची तर आधी तशीच लाकडाची करायची, ती वाळूत दाबून काढून घ्यायची, आणि राहिलेल्या खड्ड्यात लोखंड ओतायचं. तुम्ही त्या लाकडाच्या वस्तूला पॅटर्न म्हणायचात. मी म्हणायचे खेळणं.

तुझ्या पट्टीवरून झालेलं भांडण आठवतं ना? तुझ्या दादांच्या, आमच्या ह्यांच्या, फोटोला काच बसवायची होती. तुझ्या हत्यारांच्या पेटीतली पितळी पट्टी घेऊन मी चौकट मोजली आणि बाजारातून काच कापून आणली. ती लहान पडली. बसवली तर खडखडायला लागली. मी भर अंगणात तुला म्हणाले, "तुझा फूटच खोटा हाय. लोकांना फसवतोस व्हय रं?"

तू हसलास. तुझे दात मी फार क्वचित पाहिले. "खोटा न्हाई वैनी. त्यो लोखंडाचा फूट हाय. लोखंड थंड होताना आखडतं. म्हणून लाकूड आधीच जरा मोठं करायचं. तुमच्या फुटापेक्षा माझा फूट थोडा लांब."

"मग दादाच्या फोटूला काय करू?"

"दादाला आखडायला सांगा."

काच अजून खडखडते. दार जोरात लावलं की ऐकू येते.

तुझं काम मला खरं कळलं ते या पंपामुळे. वस्तीच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. पाणी खाली गेलं म्हणून पंप आणखी खाली उतरवायला घेतला, दोर निसटला आणि पंपाचं बाहेरचं कवच दगडावर आपटून फुटलं. इंजिन चांगलं, कवच गेलं. पंप जुना, तसला आता कोणी करत नाही. गडी दोर लावून तळातनं बादल्या ओढायला उतरले तर कडेची दरड ढासळायला लागली. मग विहिरीत उतरणं बंद झालं. पायाखाली पाणी, आणि बायका दोन कोसांवर नदीच्या वाळूत झिरे उकरायला जात होत्या. सोनाबाईची सून सात महिन्यांची पोटुशी, तीही जात होती.

तू फुटलेले तुकडे पोत्यावर मांडून तीन दिवस नुसते बघत बसलास. मग ओसरीच्या जमिनीवर कोळशानं तीन चित्रं काढलीस. मी सारवलेली जमीन. मी झाडू घेऊन उभी.

"ह्या तीन वस्तू कशाला? पंप तर एकच हाय."

"एकच हाय. ही वरनं बघितल्यावर. ही समोरनं. अन् ही मधोमध कापल्यावर."

"कापलं न्हाई तर कापल्यावरची कशी दिसंल?"

तेव्हा तू उठून गेला नाहीस. परातीतला रेशनच्या मिलो ज्वारीच्या पिठाचा गोळा उचललास. ते लाल पीठ कधी नीट चिकटत नाही, तरी तू त्याचा शंखासारखा वळणाचा आकार केलास, आत बोटानं पोकळ केलंस, आणि सदऱ्याचा दोरा काढून त्याच्या चकत्या पाडल्यास. एकेक चकती ओळीनं मांडलीस. पहिल्या चकतीत भोक बारीक, पुढच्या चकतीत मोठं, पुढे आणखी मोठं आणि बाजूला सरकलेलं. मी बघितलं आणि मला ते आतलं वळण दिसलं. कोणी पहिल्यांदा अक्षर लावून वाचावं तसं. मी तुला ते सांगितलं नाही. मी म्हणाले, "पीठ वाया घालवलंस," आणि त्या चकत्या पुन्हा मळून भाकरी केली.

नंतर तू एकावर एक सागाचे तुकडे सरसानं चिकटवून तो शंख उभा केलास. सकाळच्या तिरप्या उन्हात तो हातात धरून हळूहळू फिरवायचास. उंचवटा असेल तर सावली वाकडी पडते म्हणायचास. वाकडी पडली की तिथं पटाशीचा हात. मग पुन्हा उन्हात. मी ओसरीवर धान्य निवडता निवडता बघायचे. तू मला बघताना पाहिलंस की नाही, माहीत नाही.

बाहेरचा आकार झाला तरी तू थांबला नाहीस. आता म्हणे पोकळीची पेटी करायची. दोन फळ्यांची, आत कोरलेली. तिच्यात वाळू आणि साखर कारखान्याची मळी कालवून ठासायची. पेटी उघडली की वाळूचा गड्डा निघतो, पंपाच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा. तो गड्डा भाजून साच्यात ठेवायचा, लोखंड त्याच्या भोवती जातं. नंतर गड्डा फोडून काढला की जिथं वाळू होती तिथं पोकळी. मी म्हणाले, "रिकाम्या जागेसाठी एवढी खटपट?"

"पानी त्या रिकाम्या जागंतनंच जातंय, वैनी. लोखंड नुसतं धरून ठेवतंय."

आता पुढचं. हे माझं सगळ्यांना सांगून झालं आहे, तुलाच सांगायचं राहिलं आहे.

तुझा आणि माझा एक करार होता. घरात जळण नव्हतं. बाभळीच्या मुळ्यासुद्धा लोकांनी खणून नेल्या होत्या. तू म्हणाला होतास, "रंग दिल्याला हात लावू नका. बाकीचं लाकूड चुलीत घाला." तू झालेल्या पॅटर्नला काळा रंग द्यायचास, वाळूचा ओलावा लाकडात शिरू नये म्हणून. तो काळा शंख मी पदरानं पुसून फळीवर ठेवला होता. आणि कोपऱ्यात दोन फळ्या पडल्या होत्या, बिनरंगाच्या, एका अंगानं खरवडलेल्या. मला वाटलं फसलेलं काम. रंग संपला होता आणि तू संगमनेरला आणायला गेला होतास, हे मला ठाऊक नव्हतं. साग चांगला जळतो. त्यावर सहा भाकरी झाल्या.

तू रंगाचा डबा घेऊन आलास, कोपऱ्यात बघितलंस, मग चुलीकडे बघितलंस.

"वैनी, इथली पेटी?"

"जाळली. भाकरी झाल्या. तू बी खाणार हायेस."

तू खाली बसलास. मग म्हणालास, "माझीच चूक. रंग दिला नव्हता."

इथं मी 'चुकलं' म्हणायला हवं होतं. एक शब्द. तो माझ्या तोंडी कधी आलाच नाही, ना सासूपुढे, ना नवऱ्यापुढे. वर मी तुलाच म्हणाले, "सोनाबाईची सून पोट घेऊन नदीला जाती, अन् तू महिनाभर भोक कोरत बसलाईस. उरक की आता. का पावसाळ्यात पंप बसवनार?"

तू भाकरी खाल्लीस. दोन खाल्ल्यास. त्या पेटीवर भाजलेल्या.

दुसरी पेटी तू पाच दिवसांत केलीस. पहिली तीन आठवड्यांत केली होतीस. पाच दिवस तू उन्हात काही फिरवून बघितलं नाहीस, नुसती पटाशी चालली होती. मला बरं वाटलं. मला वाटलं, बोललं की कामं होतात.

ओतायच्या दिवशी मी भाकरी घेऊन संगमनेरच्या वाटेवरच्या तुमच्या ओतकामाच्या कारखान्यात आले ते काळजीपोटी नव्हे. पंप कसा होतो ते बघायला आले. मला त्या चकत्या आठवत होत्या. कारखान्यात तू आणि उस्मानभाई दोघंच, बाकीचे सगळे खडी फोडायला गेलेले. उस्मानभाई साचे भरणारा, तीस वर्षं तुझ्याबरोबर. मला बघून म्हणाला, "आओ भाभी, आज तुमच्या दिराचं लोखंड होणार." तू म्हणालास, "लांब उभ्या ऱ्हावा." मी लांब उभी राहिले नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी उस्मानभाई घरी आला. डोळ्यावर पट्टी. पाणी दिलं तर अर्धाच पेला प्याला, बाकीचं परत दिलं. मग म्हणाला, "भाभी, पॅटर्न शाबूत हाय. पेटी बी हाय. पंपाचं काय करायचं?"

"आधी सांग, का फुटलं?"

"गड्डा आतनं ओला ऱ्हायला. वरनं खणखणीत वाजत होता. कोळसा लोखंडापुरताच होता, म्हणून भट्टीत न भाजता उन्हात वाळवला. ओलीची वाफ झाली, वाफेला वाट मिळाली न्हाई."

"अजून ठेवायचा होता."

"म्या म्हनालो होतो, अजून दोन दिवस ऱ्हाऊ दे."

"मग?"

"जाऊ द्या भाभी."

"सांग."

"दामू म्हनाला, दोन दिवस थांबलो तर घरी वैनी भाकरीसंगं माझं डोस्कं बी भाजंल. हसत म्हनाला, भाभी. रागानं न्हाई."

तो पुढे म्हणाला, "पहिल्या पेटीला वाळवी लागली नसती तर घाईच झाली नसती."

"कसली वाळवी?"

"दामूनं सांगितलं. वाळवीनं खाल्ली म्हून दुसरी केली."

तीस वर्षांच्या दोस्ताला तू खोटं सांगितलंस. दामू, तू माझ्याशी कधी गोड बोलला नाहीस आणि मागे असलं करून ठेवलंस. मला हे तू जिवंत असताना कळलं असतं तर मी तुझ्याशी भांडले असते. कशासाठी भांडले असते ते सांगता येत नाही.

मी उस्मानभाईला म्हणाले, "वाळवी न्हवती. म्या चुलीत घातली."

त्यानं डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "गड्डा वाळला का बघायचं काम माझं. त्याचं न्हाई, तुमचं न्हाई."

"तुझं तू बघ. माझं मी बघते," मी म्हणाले. "पंप ओतायचा. पण गड्डा मी भाजनार. मी सांगंन तवा लोखंड ओत."

गड्डा सावकाश भाजायला जळण पाहिजे. कोळसा या खेपेलाही लोखंडापुरताच मिळाला. मी वस्तीवर दारोदार गेले आणि घरटी पाच गोवऱ्या मागितल्या. दुष्काळात गोवरी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. गुरं छावणीत, शेण कुठलं. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "कशाला पायजेत?" आणि प्रत्येक दारात मी तेच उत्तर दिलं. पंपासाठी. दामूनं पेटी केली होती, ती मी जाळली, वर सोनाबाईच्या सुनेचं नाव घेऊन त्याला बोलले, त्यानं घाई केली आणि तो मेला. आता घाई करायची नाही, म्हणून गोवऱ्या पाहिजेत.

कुणी म्हणालं, "असं नका बोलू, नशिबात होतं." मी म्हणाले, "गोवऱ्या देतीस का न्हाई ते सांग." सोनाबाईनं ऐकून घेतलं. आत गेली. मला वाटलं दार लावणार. ती अख्खी पाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माज्या सुनेचं नाव घिऊन बोलला व्हता ना तुमी त्याला?"

"व्हय."

"मग चला, उचला एका अंगानं."

बावीस दारांत मी ते बोलले. पहिल्या दारात आवाज फुटेना. शेवटच्या दारात सहज निघाला. सहज निघाला म्हणून कमी झालं असं नाही.

उस्मानभाईनं तुझ्या पेटीतून एकसारखे तीन गड्डे काढले. मी कारखान्याच्या मागे खड्डा करून गोवऱ्यांच्या राखेत ते पुरले आणि बसले. दोन दिवसांनी एक काढला. वर बोट मारलं, मडक्यासारखा वाजला. उस्मानभाई म्हणाला, "झाला." मी वरवंटा घेतला आणि गड्डा फोडला. मधोमध, तुझ्या चकत्यांतलं मोठं भोक जिथं होतं तिथं, काळी ओल होती. करंगळीएवढी.

"वर वाजतंय त्यावर जायचं न्हाई," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी दुसरा फोडला. आतून बाहेरून एकच रंग. तिसरा, त्याच्याच शेजारी भाजलेला, उस्मानभाईनं दोन्ही हातांनी उचलून साच्यात बसवला. एका डोळ्यानं त्याला अंतर नीट कळत नव्हतं, म्हणून मी सांगत होते, जरा अलीकडे, जरा खाली. ओतताना मला त्यानं लांब जायला सांगितलं. मी या वेळी लांब गेले. सांगितल्यावर लांब जायचं असतं, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

साचा गप्प राहिला. बुडबुडला नाही.

दुसऱ्या दिवशी वाळू फोडून कवच बाहेर काढलं. मी तुझी पितळी पट्टी नेली नव्हती, साधी नेली होती. जुन्या तुकड्यांवर तू खुणा करून ठेवल्या होत्यास, त्या बरोबर जुळल्या. तू मोठं करून ठेवलं होतंस तेवढं लोखंड आखडलं होतं. मी तोंडातून हात घालून आतली पोकळी कोपरापर्यंत चाचपली. पाच दिवसांत केलेल्या पेटीची होती, तरी कुठं उंचवटा लागला नाही. आमटीचं मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. मी सांगते. काम चांगलं झालं आहे.

पंप बसला. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. सोनाबाईच्या सुनेला मुलगी झाली, ती आता नदीला जात नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्यानं माझं काही फिटलं असं मी समजत नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर मला आवडत नाही.

पेटी उस्मानभाईनं मला परत आणून दिली. म्हणाला, "भाभी, घरातच ठिवा, पुन्हा लागंल." तू आणलेला रंगाचा डबा तसाच पडला होता, वर साय धरली होती. साय काढली, बोळ्यानं दोन्ही फळ्यांना आतून बाहेरून रंग दिला. काळा. वाळल्यावर फळीवर शंखाशेजारी ठेवली. या घरात आता कोणी स्वयंपाक करायला आलं तरी ही जाळायची नाही हे ओळखू येईल.

चुकलं, दामू.

त्या दिवशी साच्यापाशी आपण तिघं होतो. तू गेलास. उस्मान एका डोळ्यानिशी वाचला. मी वाचले.